लपून हल्ला केला म्हणजे पहिला बाण फुकट मिळतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या, पात्रं रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ च्या नियमांनी चालवता. चार खेळाडूंपैकी एकाचं पात्र असॅसिन आहे, म्हणजे रोग या वर्गातला लपून मारणारा मारेकरी. पहारेकरी दिसले की तो लगेच सांगतो, "मी लपतो, बाण सोडतो, आणि त्यानंतर आपण इनिशिएटिव्ह टाकू." (इनिशिएटिव्ह म्हणजे कोणाची पाळी कधी हे ठरवणारा फासा.) त्या बाणाने एक पहारेकरी पडतो. मग बाकीचे म्हणतात, आता शत्रू सरप्राईज (गाफील) झालेत, म्हणजे आमची पूर्ण फेरीही फुकट. लढाई सुरू होण्याआधीच संपते. उलट ज्या दिवशी तुम्ही नियम काटेकोर लावता, त्या दिवशी प्लेट या जड चिलखतातला फायटर (योद्धा) खडखडत येतो आणि कोणीच सरप्राईज होत नाही. मग असॅसिनवाला हिरमुसतो. यातलं बरोबर काय, २०२४ च्या नियमांकडे वळावं का, आणि शेवटी एक छोटा प्रश्न: बाण चुकला तर लपलेल्याची जागा कळते का?

मी बरीच वर्षं डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणून खेळ चालवतोय आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक नव्या गटात बघितलाय. माझ्या मते तुमची अडचण स्टेल्थच्या (लपण्याच्या कौशल्याच्या) आकड्यांची नाही. "या क्षणी समोरच्याला काय माहीत आहे?" हे तुमच्या टेबलावर कोणीच आधी ठरवत नाही, खरी अडचण ही आहे. ते ठरलं की कोण सरप्राईज, कोणाला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणं), कोणाची पाळी वाया, हे सगळं ओघाने येतं. ते न ठरवता फासे टाकले की मोठ्या आवाजात बोलणारा जिंकतो.

आधी फुकटच्या बाणाचं बघू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. २०१४ च्या नियमांत लढाईचा क्रम स्पष्ट दिलाय. पहिल्यांदा डीएम ठरवतो की कोणी सरप्राईज आहे का. मग कोण कुठे उभा आहे ते ठरतं. मग सगळे इनिशिएटिव्ह टाकतात. मग पाळ्या सुरू. या क्रमात "आधी एक बाण" याला जागाच नाही. बाण सोडायचं ठरलं तोच क्षण लढाई सुरू होण्याचा. असॅसिनवाला "मी सोडतो" म्हणाला की बाण अजून धनुष्यावरच असतो, आणि त्याच वेळी सगळ्यांनी फासा टाकायचा.

मग लपण्याचा फायदा काय? भरपूर आहे. सरप्राईज झालेला आपल्या पहिल्या पाळीत हलू शकत नाही, ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) घेऊ शकत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत त्याला रिॲक्शनही (दुसऱ्याच्या पाळीत द्यायचा झटपट प्रतिसाद) मिळत नाही. "सरप्राईज राउंड" नावाची वेगळी फेरी मात्र या आवृत्तीत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत ती होती. त्या फेरीत सावध असलेलेच खेळायचे आणि तेही मर्यादित कृती करून. जुने खेळाडू ती कल्पना सोबत घेऊन येतात आणि नवे त्यांच्याकडून शिकतात. त्याही मागे, १९७४ च्या मूळ खेळात, सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडला की तो गट गाफील, इतकं साधं होतं. म्हणजे इतकी वर्षं हा नियम बदलतच आलाय. तेव्हा तुमच्या खेळाडूंना तो वेगळा आठवत असेल तर ते खोटं बोलतायत असं अजिबात समजू नका.

आता एक अवघड प्रसंग घेऊ, कारण भांडणं इथेच होतात. पहारेकरी सरप्राईज आहे. इनिशिएटिव्हमध्ये त्याला १८ पडले, असॅसिनला ९. पहारेकऱ्याची पाळी आधी येते. तो काहीच करू शकत नाही, पाळी संपते, आणि त्याच्यासाठी सरप्राईजही संपलं. नंतर ९ वर असॅसिन बाण सोडतो. पहारेकऱ्याला तो अजून दिसलेला नाही, त्यामुळे अटॅक रोलला (वार लागतो का हे ठरवणाऱ्या फाशाला) ॲडव्हान्टेज आहे आणि त्यामुळे स्नीक अटॅकही (रोगचं जादा डॅमेज, म्हणजे नुकसान) लागतो. पण "सरप्राईज झालेल्यावर लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट)" हा असॅसिनचा खास लाभ गेला. खेळाडू चिडून विचारतो, "त्याला कळलं कसं? मी तर अजून काहीच केलं नाही!"

याचं उत्तर असं की त्याला काहीच कळलेलं नाही. तुम्हीही वर्णन करताना "त्याला संशय आला, तो वळला" असं म्हणू नका. ती पाळी तो खांबाला टेकून काढतो, इतकंच. फासा सांगतोय तो वेगाचा निकाल: धनुष्याची दोरी ताणल्याचा आवाज, सावलीतली हालचाल यांना हा माणूस किती झटकन प्रतिसाद देतो. ९ पडलेल्या असॅसिनने नेम धरायला क्षणभर जास्त घेतला. मी टेबलावर हेच सांगतो आणि बहुतेकांना ते पटतं. ज्यांना पटत नाही त्यांना मी विचारतो, एखाद्या गोब्लिनने तुमच्यावर असाच बाण सोडला तर इनिशिएटिव्ह टाकायची संधी तुम्हाला हवी की नको? दोन्ही बाजूंना एकच नियम लावला की तो गोड लागायला लागतो.

इनिशिएटिव्ह टाकल्यावर असॅसिनने विचार बदलला आणि बाण सोडलाच नाही तर? माझ्याकडे याला पूर्ण परवानगी आहे. पहारेकऱ्यांना काही दिसलं-ऐकलं नसेल तर ते आपल्या पाळीत पहाराच देत राहतात. इनिशिएटिव्ह सुरू आहे हे खेळाडूंना माहीत असतं, पात्रांना नाही. एकदोन फेऱ्या कोणी काही केलं नाही तर मी फासे गोळा करतो आणि पुन्हा साध्या वर्णनावर येतो. एक मात्र पाळतो: हवं तसं इनिशिएटिव्ह पडलं नाही म्हणून "थांबतो, पुन्हा सुरू करू" ही पळवाट चालू देत नाही. त्याच पहारेकऱ्यांवर त्याच जागेवरून लगेच हल्ला करायचा असेल तर आधीचंच इनिशिएटिव्ह लागू.

आता फायटरकडे. नियम असा की लपणाऱ्याचा स्टेल्थ रोल समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी (फासा न टाकता धरलेल्या सावधपणाच्या आकड्याशी) ताडून बघायचा. ज्याला कुठलाच धोका जाणवला नाही, तो सरप्राईज. "कुठलाच" हा शब्द महत्त्वाचा आहे. तीन जण उत्तम लपलेत आणि चौथा दिसला, तर ज्या पहारेकऱ्याला तो दिसला तो सरप्राईज नाही. मात्र बाकीचे तिघे त्याला अजून दिसत नाहीत, आणि त्यांचा पहिला वार ॲडव्हान्टेजने जातो. सरप्राईज न मिळणं आणि लपलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा असॅसिनवाला हिरमुसतो कारण त्याला वाटतं फायटरमुळे सगळंच गेलं. खरं तर त्याचा स्नीक अटॅक जागेवरच आहे.

तरीही आकडे काय सांगतात ते पाहण्यासारखं आहे. समजा पहारेकऱ्यांचं पॅसिव्ह पर्सेप्शन १० आहे आणि बरोबरी झाली तरी लपणारा यशस्वी धरू. वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात असॅसिनला स्टेल्थमध्ये +७, दुसऱ्याला +३, तिसऱ्याला +१, आणि फायटरला शून्य, वर प्लेटमुळे डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान धरणं). एकेकट्याने यशस्वी होण्याची शक्यता अनुक्रमे ९०, ७०, ६० आणि साधारण ३० टक्के. चौघांनाही एकाच वेळी यशस्वी व्हायचं असेल तर शक्यता उरते फक्त ११ टक्के. म्हणजे नियम अक्षरशः लावला तर तुमचा गट दहात एकदा सरप्राईज मिळवणार. आता हाच प्रसंग ग्रुप चेकने सोडवला, म्हणजे निम्मे यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी धरला, तर शक्यता जाते ८८ टक्क्यांवर. एकच जागा, तेच चौघे, आणि निकाल ११ वरून ८८. कुठली पद्धत वापरायची हे तुम्ही ठरवलं नसेल तर कोणत्याही निकालावर कोणीतरी नाराज होणारच.

कुठली निवडावी हे परिस्थितीवर आहे. मी असं बघतो: गट एकत्र, एकाच वाटेने, एकमेकांना सांभाळत पुढे सरकत असेल तर ग्रुप चेक. त्यात असॅसिन फायटरला "इथे पाय ठेव, तिथे नको" असं खुणावतोय हे गृहीत आहे. उलट जो तो आपापल्या जागी लपून दबा धरून बसला असेल, किंवा एकटा पुढे टेहळणीला गेला असेल, तर ज्याचा त्याचा रोल. ग्रुप चेक सर्रास वापरला तर ८८ टक्के हा आकडा फारच उदार होतो आणि जड चिलखताला काही किंमतच उरत नाही. सतत वैयक्तिक रोल घेतले तर गट लपण्याचा नादच सोडतो. मला दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं, म्हणून शंका असेल तिथे मी ग्रुप चेककडे झुकतो.

तिसरा मार्ग खेळाडूंना बहुधा सुचत नाही. तो तुम्ही सुचवलात तर त्यांचा खेळ बदलेल. फायटरने मागे थांबावं. आवाज ऐकूच जाणार नाही इतक्या अंतरावर असलेल्याचा स्टेल्थ रोल मागायचं कारण नाही. १२० फुटांवर तो भिंतीआड उभा राहिला आणि इशारा मिळताच धावला, तर ३० फूट वेग आणि डॅश (ॲक्शन खर्चून दुप्पट धावणं) धरून दोन फेऱ्यांत तो पोचतो. सरप्राईज तिघांना मिळालं आणि त्याची किंमत म्हणून पहिल्या दोन फेऱ्या त्यांना फायटरशिवाय काढाव्या लागल्या. हा खरा निर्णय आहे, आणि लपण्याच्या नियमांतून टेबलावर अशा चर्चा व्हायला हव्यात. गटात कोणाकडे पास विदाउट ट्रेस असेल तर चित्र पुन्हा बदलतं. तो मंत्र ३० फुटांच्या आत सोबत असलेल्यांना स्टेल्थमध्ये +१० देतो. वरच्या उदाहरणात चौघेही फासा न बघताच यशस्वी. दुसऱ्या पातळीचा एक स्लॉट (मंत्र म्हणण्याची मोजकी संधी) आणि कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायची एकाग्रता) खर्च करून ते हे विकत घेतायत, तेव्हा ते त्यांना मिळू द्या. फक्त एवढं बघा की मंत्र उच्चारावा लागतो, म्हणून तो पहारेकऱ्यांच्या कानाशी म्हणता येत नाही.

डीएमच्या बाजूने एक गोष्ट फार वेळा राहून जाते: उजेड. अंधुक प्रकाशात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला डिसॲडव्हान्टेज, आणि पॅसिव्ह आकड्यासाठी त्याचा अर्थ उणे ५. डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची शक्ती) असलेल्याला मिट्ट काळोख हा अंधुक प्रकाशासारखा दिसतो, लख्ख नाही. म्हणजे काळोखात विना मशाल बसलेल्या गोब्लिनचं ९ हे पॅसिव्ह पर्सेप्शन, नुसत्या नजरेपुरतं, ४ वर येतं. कान मात्र तेवढेच तिखट राहतात, म्हणून खडखडणाऱ्या चिलखताला ही सूट मी देत नाही. मशाल घेऊन येणाऱ्या गटाला तर लपण्याचा प्रश्नच नाही. हे उणे ५ तुम्ही दोन्ही बाजूंना लावायला सुरुवात करा. खेळाडू आपोआप विचारू लागतील की दिवा कुठे आहे आणि तो विझवता येईल का.

"मी लपतो" हे वाक्यसुद्धा कधीही म्हणता येत नाही. जो तुम्हाला स्पष्ट बघतोय त्याच्यापासून लपता येत नाही. लपायला आडोसा, धुकं, अंधार, काहीतरी हवं, आणि ते पुरेसं आहे का हे डीएम ठरवतो. उघड्या अंगणात, दुपारच्या उन्हात, असॅसिनला +७ असो की +१७, रोल मागूच नका. रोल मागितलात आणि फाशावर २० पडला की "नाही" म्हणणं तुम्हाला जड जाईल.

सगळ्यांत जास्त वाद मी बघितलेत ते बोलता बोलता केलेल्या हल्ल्यावर. समोरासमोर वाटाघाटी चालू आहेत, कोणीच लपलेलं नाही, आणि एक खेळाडू म्हणतो, "बोलता बोलता मी खंजीर काढून भोसकतो." सरप्राईज आहे का? नियमाच्या शब्दांत, कोणीच लपण्याचा प्रयत्न करत नसेल तर दोन्ही बाजूंना एकमेकांची जाणीव आहे. पण जाणीव माणसाची आहे, धोक्याची नाही, असंही म्हणता येतं, आणि तो युक्तिवाद मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. मी समोरच्याच्या मनात काय आहे ते बघतो. हातात शस्त्रं असलेले अनोळखी लोक एका खोलीत असतील तर सगळेच सावध असतात. तिथे साधं इनिशिएटिव्ह. ज्याला जास्त पडलं तो झटकन हलला, इतकाच त्याचा अर्थ. याउलट ज्याने या लोकांना जेवायला बसवलंय, ज्याचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, त्याच्या बाबतीत मी हल्लेखोराचं डिसेप्शन (फसवण्याचं कौशल्य) त्याच्या पॅसिव्ह इनसाइटशी (मनातलं ओळखण्याच्या कौशल्याशी) ताडतो आणि यश मिळालं तर फक्त त्या एकाला सरप्राईज धरतो. दारावर उभे असलेले त्याचे रक्षक सरप्राईज होत नाहीत. रक्षकाचं कामच संशय घेणं आहे.

आता २०२४ च्या नियमांबद्दल. तिथे सरप्राईज झालेल्याची पाळी वाया जात नाही, त्याला फक्त इनिशिएटिव्हच्या रोलला डिसॲडव्हान्टेज मिळतो. लपण्यासाठी आडोसा किंवा दाट अंधार हवा, शत्रूच्या नजरेबाहेर असायला हवं, आणि स्टेल्थ रोल किमान १५ यायला हवा. तो आला की तुम्हाला इन्व्हिजिबल ही स्थिती मिळते आणि तिच्यामुळे स्वतःच्या इनिशिएटिव्हला ॲडव्हान्टेज. वीस बाजूंच्या फाशाची सरासरी साडेदहा असते. ॲडव्हान्टेजने ती साधारण १३.८ होते, डिसॲडव्हान्टेजने ७.२. म्हणजे लपलेला हल्लेखोर आणि गाफील बळी यांच्यात सरासरी साडेसहाचं अंतर पडतं. बहुतेक वेळा हल्लेखोर आधी खेळतो, पण खात्री नाही, आणि बळीला त्याची पाळी मिळतेच.

तुमच्या टेबलासाठी मी हाच नियम सुचवेन. चार जणांची एक पूर्ण फेरी फुकट मिळणं हे पाचव्या आवृत्तीत फार जड पडतं, कारण इथे लढाई मुळात तीन-चार फेऱ्यांची असते. शत्रूंनी खेळाडूंना गाफील गाठलं तर ते आणखी वाईट: टेबलावरचा माणूस आपली पाळी येण्याची वाट बघतो, आणि ती आल्यावर त्याला सांगावं लागतं की तू काहीच करू शकत नाहीस. कमी पातळीच्या पात्रांचा त्यात जीव जाऊ शकतो. सहा गोब्लिन, प्रत्येकाला स्टेल्थ +६, सगळ्यांसाठी तुम्ही एकच रोल टाकला तर १२ पॅसिव्ह पर्सेप्शनच्या पात्राला ते ७५ टक्के वेळा गाफील गाठतात. २०१४ चा नियम ठेवणार असाल तर अशा हल्ल्याआधी एक खूण जरूर पेरा: पक्ष्यांचा आवाज अचानक थांबलाय, रस्त्यात मेलेला घोडा आडवा पडलाय. ज्या खेळाडूने विचारपूस केली त्याला रोल द्या. आणि कोणी अलर्ट फीट (फीट म्हणजे पात्राने निवडलेली खास क्षमता) घेतलं असेल तर तो शुद्धीत असेपर्यंत सरप्राईज होऊच शकत नाही, हे विसरू नका. त्याने त्यासाठी एक फीट मोजलंय.

पण नियम बदलणार असाल तर असॅसिनही २०२४ चाच घ्या. जुन्या असॅसिनची ताकद "सरप्राईज झालेला शत्रू" या अवस्थेवर उभी आहे, आणि नव्या नियमांत ती अवस्था इनिशिएटिव्हच्या रोलपलीकडे टिकत नाही. जुना उपवर्ग नव्या सरप्राईजला जोडलात तर त्या खेळाडूच्या हातात फारसं काही उरणार नाही. नव्या असॅसिनला इनिशिएटिव्हला ॲडव्हान्टेज आहे, पहिल्या फेरीत ज्याची पाळी अजून आली नाही त्याच्यावर ॲडव्हान्टेज आहे, आणि त्या फेरीतल्या स्नीक अटॅकला त्याच्या रोग पातळीइतकं जादा डॅमेज आहे. जुन्या क्रिटिकलइतका भपका नाही, पण भरवशाचं आहे. पाथफाइंडर या तशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर लपत आलेल्याने इनिशिएटिव्हच स्टेल्थने टाकायचं असतं. एकाच रोलमध्ये दोन प्रश्न सुटतात. ती कल्पना मला मनापासून आवडते, पण ती तुमच्या खेळात उसनी आणू नका. तिच्यामागे त्या खेळाची दिसणं-न दिसणं याची सगळी मांडणी आहे.

बदल सांगायचा तो लढाईच्या मध्यात नको. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला, फासे बाहेर काढण्याआधी, असॅसिनवाल्याशी बोला. त्याला दोन गोष्टी नक्की सांगा. स्नीक अटॅकसाठी लपावंच लागतं असं नाही. लक्ष्याच्या ५ फुटांच्या आत त्याचा साथीदार लढत असेल तरी तो लागतो, मग फायटर खडखडत का येईना. दुसरं, टेहळणीतून त्याने आणलेली माहिती, म्हणजे किती पहारेकरी, कुणाकडे शिंग आहे, मागचं दार उघडं आहे का, ही तुम्ही त्याला हात आखडता न घेता द्या. पुढे जाऊन लपण्याचं फळ त्याला दर वेळी मिळायला लागलं की बाणाचा आग्रह कमी होतो.

राहिला चुकलेला बाण. होय, जागा कळते. हल्ला लागो वा चुको, २०१४ च्या नियमांत लपलेला उघडा पडतो. नव्या नियमांत अटॅक रोल केला की लपण्यातून मिळालेली इन्व्हिजिबल स्थिती संपते. अपवाद स्कल्कर फीटचा: ते असलेल्याने लांबून मारलेला बाण चुकला तर त्याची जागा उघड होत नाही. फीट नसेल तरी दुसऱ्या पातळीपासून रोगला कनिंग ॲक्शन असतं, म्हणून बाण सोडून आडोशामागे सरकणं आणि बोनस ॲक्शनने (पाळीतल्या जादा छोट्या कृतीने) पुन्हा लपणं त्याला एकाच पाळीत जमतं. पहारेकऱ्यांना बाण कुठून आला ते माहीत असेल. तो अजून तिथेच आहे का, हे त्यांना शोधावं लागेल, आणि त्यासाठी त्यांची ॲक्शन खर्च होईल.